‘पुट अप’ : एका इंग्रजी क्रियापदाचे अनेक अर्थ व त्यांचे अध्यापन

(तालुका प्राथमिक शिक्षक संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



या संमेलनात इंग्रजीच्या अध्यापनाविषयी चार शब्द सांगावेत, अशी मला सूचना झाली. इंग्रजीचे अध्यापन हा विषय फार मोठा आहे. अर्ध्या तासात सर्व विषयाला स्पर्श करू गेल्यास हाती काहीच लागत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी आज केवळ दोन शब्दांविषयी बोलणार आहे. ‘पुट’ आणि ‘अप’ हे ते दोन शब्द होत. हे दोन्ही शब्द आपल्या लहान वर्गांतील मुलांनाही ठाऊक असतात. ‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘अप’ म्हणजे वर. परंतु हे दोन शब्द एकत्र आले म्हणजे जे घडते, त्याने मुलांचीच काय, आपलीही तारांबळ उडते.

आपल्या राज्यात २००० सालच्या जून महिन्यापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. माझ्या वयाच्या शिक्षकांनी स्वतः ही भाषा पाचवीपासून, तीही पुष्कळशी भाषांतराच्या मार्गाने शिकलेली होती. एका शब्दापुढे एक मराठी अर्थ लिहावयाचा व तो पाठ करावयाचा, ही आमची रीत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी कित्येक पिढ्यांना इंग्रजीचा उंबरठा ओलांडून दिला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि एका शब्दास एक अर्थ ही समजूत ज्या ठिकाणी पुरी पडत नाही, अशा जागा भाषेत पावलोपावली येतात. त्यांपैकी एका जागी मला ठेच लागली, ती हकीकत प्रथम सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील शाळेत सहावीला इंग्रजी शिकवीत होतो. ‘माय अंकल पुट अस अप फॉर द नाइट’ असे एक वाक्य मी फळ्यावर लिहिले आणि अर्थ विचारला. मागच्या रांगेतील एका मुलाने हात वर केला. एरवी तो फारसा बोलत नसे. तो म्हणाला, ‘माझ्या मामाने आम्हाला रात्रभर वर ठेवले.’ वर्ग हसला. वर्गाने हसावे हे समजण्यासारखे होते; परंतु मीही हसलो, आणि वर विचारले, ‘वर म्हणजे कुठे रे? माळ्यावर?’ तो गंभीरपणे म्हणाला, ‘व्हय गुरुजी. मामाच्या घरी पाहुण्यांना माळ्यावरच निजवत्यात.’ यावर वर्ग आणखी हसला. तो मुलगा खाली बसला. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत इंग्रजीच्या तासाला त्याने पुन्हा हात वर केला नाही.

बंधुभगिनींनो, त्या मुलाची चूक कोणती होती? मीच त्याला ‘पुट’ म्हणजे ठेवणे व ‘अप’ म्हणजे वर असे शिकविले होते. त्याने त्या दोन अर्थांची प्रामाणिकपणे बेरीज केली आणि आपल्या घरच्या अनुभवाशी ती ताडून पाहिली. बेरीज बरोबर होती. तिचे उत्तर येथे लागू पडत नाही, हे सांगण्याचे काम माझे होते आणि ते मी केलेले नव्हते.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी शब्दकोश उघडला. ‘पुट अप’पुढे अर्थांची मोठी रांग होती आणि तिच्यातील निम्मे अर्थ मलाही ठाऊक नव्हते. मनात मी खजील झालो. परंतु दुसऱ्या दिवशी जे केले, ती माझी दुसरी चूक होती. मी त्या रांगेतील बारा अर्थ फळ्यावर क्रमाने लिहिले आणि मुलांकडून पाठ करून घेतले. मुलांनी आठ दिवसांत ते बारा अर्थ घडाघडा म्हणून दाखविले. मात्र वाक्य दिले, की त्या बारांपैकी कोणता घ्यावा हे एकालाही सांगता येईना. याद्या पाठ होतात, पण याद्यांनी भाषा येत नाही, हे मला तेव्हा कळले.

मग मार्ग कोणता? तो मला पुढे काही दिवसांनी एका घराच्या ओसरीवर सापडला. गृहभेटीसाठी मी गेलो होतो. घरातील आई कामात होती आणि तिची पाच-सहा वर्षांची मुलगी तिच्या हाताखाली होती. आई म्हणाली, ‘दार लाव’, मुलीने दार ओढून घेतले. ‘देवापुढं दिवा लाव’, तिने काडी आईजवळ नेऊन दिली. ‘गुरुजींना गंध लाव’, तिने माझ्या कपाळी बोट टेकविले. थोड्या वेळाने आईने तिला बाहेर लावलेल्या तुळशीच्या रोपाला पाणी घालावयास पाठविले. क्रियापद एकच, ‘लावणे’. दार लावणे म्हणजे बंद करणे, दिवा लावणे म्हणजे पेटविणे, गंध लावणे म्हणजे माखणे, रोप लावणे म्हणजे रोवणे. यांतील एकही अर्थ त्या मुलीला कोणी यादी करून शिकविला नव्हता. तरी ती एकदाही चुकली नाही. दार पेटवू गेली नाही, की दिवा जमिनीत पुरू गेली नाही.

असे का झाले? तिने ‘लावणे’ हे क्रियापद एकटे कधी ऐकलेच नाही. ते नेहमी दाराबरोबर, दिव्याबरोबर, रोपाबरोबर तिच्या कानी आले. सोबतीच्या नामाने अर्थ ठरविला आणि समोर घडणाऱ्या कृतीने तो पक्का केला. आपण मोठी माणसेही याच रीतीने जीव लावतो, वेळ लावतो, नाव लावतो, शिस्त लावतो आणि एखाद्याला कामाला लावतो. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘लागणे’ व ‘लावणे’ ही क्रियापदे काढून पाहावीत. अर्थांची ती लांब मालिका पाहिली, म्हणजे इंग्रजी मनुष्यास आपल्या भाषेचे केवढे भय वाटत असेल याची कल्पना येते आणि इंग्रजीविषयीचे आपले भय पुष्कळसे ओसरते.

आता इंग्रजीकडे वळू. या भाषेत साध्या क्रियापदापुढे ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘ऑन’ असा एखादा लहान शब्द येऊन बसतो व मूळ अर्थ बदलून टाकतो. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश प्रकाशित केला. परकीयांना इंग्रजी शिकताना सर्वांत मोठी अडचण याच जोडांची होते, असे त्यांनी त्याच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ सालच्या आपल्या ग्रंथात या जोडांसाठी ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव वापरले व ते हेन्री ब्रॅडली या कोशकारांनी सुचविल्याचे सांगितले. नावाचे महत्त्व आपल्याला फारसे नाही. मुलांसमोर आपण त्यांना ‘जोडक्रियापदे’ म्हणू.

या जोडांत आपल्याला परके असे काही नाही. संस्कृतातील ‘हृ’ धातूपासून झालेले आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द आपण सर्वांनी अभ्यासले आहेत. उपसर्ग बदलला, की जेवणाऱ्याचा मारणारा होतो. संस्कृत उपसर्ग धातूच्या पुढे जोडते. इंग्रजी आपला लहान शब्द मागे ठेवते. मराठीचीही स्वतःची रीत आहे. ‘तो रागाच्या भरात बोलून गेला’ असे आपण म्हणतो, तेव्हा कोणी कोठे गेलेले नसते. ‘खाऊन टाकले’ म्हणताना काही फेकलेले नसते. क्रिया पुरी झाली, एवढेच सुचवावयाचे असते. इंग्रजीतील ‘ईट अप’मध्ये ‘अप’ नेमके हेच काम करते. तेथे ‘वर’ शोधू गेल्यास सापडत नाही.

‘पुट अप’चे सर्व अर्थ सांगण्याचा माझा हेतू नाही. मुख्य अर्थांचे काही गट करून दाखवितो. हे गट लक्षात राहिले, की नवा अर्थ भेटला तरी शिक्षक गोंधळत नाही.

पहिल्या गटात ‘वर’ हा अर्थ डोळ्यांना दिसतो. ‘पुट अप युअर हँड’ म्हणजे हात वर कर. ‘पुट अप द अम्ब्रेला’ म्हणजे छत्री उघड. ‘पुट अप अ टेंट’ म्हणजे तंबू ठोकणे. ‘पुट अप अ पिक्चर’ म्हणजे चित्र टांगणे. ‘पुट अप अ नोटीस’ म्हणजे सूचना लावणे. ‘पुट अप अ बिल्डिंग’ म्हणजे इमारत उभारणे. मराठीत येथे सहा निरनिराळी क्रियापदे आली. इंग्रजीत एकच पुरले. सर्वांत समान काय आहे? जी वस्तू खाली, मिटलेली अथवा गुंडाळलेली होती, ती आता वर किंवा उभी आहे. प्राथमिक शाळेला हा गट सर्वांत उपयोगी, कारण यातील बहुतेक प्रत्येक गोष्ट वर्गात करून दाखविता येते.

दुसऱ्या गटात वस्तू चढत नाही, आकडा चढतो. ‘पुट अप द प्राइस’ म्हणजे भाव वाढविणे, ‘पुट अप द रेंट’ म्हणजे भाडे वाढविणे. भाव चढतात व उतरतात असे मराठीतही म्हणतात. त्यामुळे हा अर्थ बाजाराच्या गावातील मुलाला सांगावा लागत नाही.

तिसऱ्या गटात काहीतरी पुढे आणले जाते. ‘पुट अप अ कँडिडेट’ म्हणजे उमेदवार उभा करणे. येथे मराठी व इंग्रजी जवळजवळ हातात हात घालून चालतात. ‘पुट अप फॉर सेल’ म्हणजे विक्रीस काढणे. ‘पुट अप द मनी’ म्हणजे एखाद्या कामासाठी पैसा पुरविणे. ‘पुट अप अ फाइट’ म्हणजे झुंज देणे. हरलेल्या संघाचे कौतुक करतानाही हा प्रयोग होतो.

चौथा अर्थ माझ्या त्या विद्यार्थ्याचा. ‘पुट समवन अप’ म्हणजे पाहुण्याला रात्रीपुरती किंवा काही दिवसांपुरती जागा देणे. आपल्या खेड्यांत यासाठी फार सुंदर शब्द आहे : वस्तीला ठेवून घेणे. मुक्कामाच्या एस.टी.ला आपण वस्तीची गाडी म्हणतो, तोच हा शब्द. ‘मामाने आम्हाला रात्री वस्तीला ठेवून घेतले’ हे त्या वाक्याचे उत्तम मराठी झाले असते, आणि तो मुलगा हा शब्द घरी रोज बोलत होता. मी त्याला तो विचारलाच नाही. याच अर्थाने पाहुणा स्वतः ‘पुट अप अॅट अ रेस्ट हाउस’ असेही करतो. मराठीत आपण म्हणतो, ‘साहेब विश्रामगृहात उतरले आहेत.’ इंग्रजीत जो वर ठेवला जातो, तो मराठीत खाली उतरतो! एखाद्या इंग्रज मुलाने ‘उतरले’ याचा अर्थ ‘जिना उतरून आले’ असा केला, तर आपण त्याला हसू काय? हसलो तरी त्याला मूर्ख म्हणणार नाही. तीच उदारता आपल्या मुलांच्या वाट्याला आली पाहिजे.

पाचवा अर्थ ‘पुट अप विथ’ या तीन शब्दांच्या जोडाचा. अर्थ : सोसणे, चालवून घेणे. ‘आय कॅनॉट पुट अप विथ द नॉइज’ म्हणजे हा गोंगाट मला सहन होत नाही. येथील ‘विथ’ गाळला, की वाक्य मोडते. आणि मुले तो हटकून गाळतात. म्हणून हा जोड तिन्ही शब्दांसह, एका दमात म्हणवून घ्यावा.

सहावा अर्थ आपल्या देशातील कचेऱ्यांचा आहे व तो आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. फाइलवर ‘प्लीज पुट अप’ असा शेरा येतो, म्हणजे ‘सादर करावे’. आता गंमत पाहा. ‘पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स’ असा शेरा असेल, तर त्याचा अर्थ ‘मागील कागदपत्रांसह सादर करावे’ असा होतो. नवा लिपिक कोशाच्या आधाराने त्याचा अर्थ ‘मागील कागदपत्रे सोसावीत’ असा करील. वर्षानुवर्षे फाइली हाताळणाऱ्यांना हाही अर्थ खोटा वाटणार नाही. पण शेऱ्याचा हेतू तो नव्हे. त्याचप्रमाणे ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ हा प्रश्न आपल्याकडे ‘आपण कोठे राहता?’ या अर्थी कायमच्या घराविषयीही विचारतात. इंग्लंडमधील मनुष्य त्यावरून तात्पुरता मुक्काम समजेल. आपल्याकडील प्रयोग चालत आला आहे, त्यास हसण्याचे कारण नाही. परंतु वरच्या वर्गांतील मुलांना हा भेद शिक्षकाने एकदा सांगावा.

आता व्याकरणाचा एक छोटा नियम. ‘पुट अप द नोटीस’ व ‘पुट द नोटीस अप’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. परंतु ‘नोटीस’ या नामाऐवजी ‘इट’ हे सर्वनाम आले, तर ते मध्येच बसले पाहिजे : ‘पुट इट अप’. ‘पुट अप इट’ हे अशुद्ध होय. मामाच्या वाक्यातही ‘अस’ हे सर्वनाम म्हणूनच मध्ये आले होते. ‘पुट अप विथ’ला मात्र हा नियम नाही, तेथे ‘पुट अप विथ इट’ असेच म्हणतात. बोलताना आघात ‘पुट’वर न देता ‘अप’वर द्यावा. तसेच ‘पुट’चे रूप भूतकाळातही ‘पुट’च राहते. नियम फळ्यावर लिहिण्यापूर्वी वाक्ये दहा वेळा कानांवर पडू द्यावीत. कान तयार झाला, की नियम आपोआप पटतो.

वर्गात हे कसे करावे, याविषयी माझ्या अनुभवातील काही सूचना करतो.

(१) ‘पुट अप म्हणजे काय?’ असा सुटा प्रश्न कधीही विचारू नये. ‘सूचनेला काय केले? पाहुण्याला काय केले?’ असे विचारावे. सुट्या क्रियापदाला नेमका अर्थ नसतो. ‘लावणे म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर आपणही देऊ शकणार नाही.

(२) पहिली-दुसरीत केवळ हात वर करण्याची आज्ञा पुरे. तिसरी ते पाचवीत तक्ता, चित्र व छत्री आणावी. एका मुलाच्या हाती तक्ता देऊन ‘पुट इट अप’ म्हणावे व त्याने तो भिंतीवर लावावा. जून महिन्यात छत्र्या वर्गात असतातच. बाकीचे अर्थ सहावीच्या पुढे, आणि तेही पाठात भेटतील तेव्हाच.

(३) एका तासाला एकच अर्थ घ्यावा. दुसरा अर्थ त्याच दिवशी सांगण्याचा मोह आवरावा.

(४) मुलांच्या वहीत शब्द व अर्थ अशा दोन रकान्यांऐवजी पूर्ण वाक्य लिहवून घ्यावे आणि त्याखाली मुलाने आपल्या घरच्या बोलीत ते सांगावे. ‘वस्तीला ठेवलं’ असे आले, तर ते खोडू नये. प्रमाण मराठी शब्द शेजारी लिहावा.

(५) चुकलेल्या उत्तराला ‘चूक’ म्हणण्यापूर्वी मुलाने ते कसे काढले, हे विचारावे. पुष्कळदा त्याच्या विचारात दोष नसतो. आपण दिलेल्या माहितीत असतो.

(६) आपल्या स्वतःला अर्थ ठाऊक नसेल, तर ‘उद्या पाहून सांगतो’ असे वर्गासमोर म्हणण्यात कमीपणा मानू नये. मात्र दुसऱ्या दिवशी ते सांगितलेच पाहिजे. शिक्षकही कोश उघडतो, हे पाहिलेला मुलगा पुढे स्वतः कोश उघडतो.

आपल्यापैकी अनेकांच्या शाळा दोन शिक्षकी आहेत, एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात आणि कचेरीची कामे आहेतच, याची मला जाणीव आहे. मी सुचविलेल्या गोष्टींना जादा साहित्य लागत नाही. एक छत्री, एक तक्ता आणि थोडे धैर्य एवढ्यावर काम भागते.

शेवटी एकच विनंती करतो. मराठीत ‘हात वर करणे’ याचे दोन अर्थ आहेत. मुलगा हात वर करतो, तेव्हा त्याला काही सांगावयाचे असते. मोठा माणूस हात वर करतो, तेव्हा त्याला जबाबदारी टाळावयाची असते. ‘इंग्रजी हा आमचा विषय नव्हे’ असे म्हणून आपण दुसऱ्या अर्थाने हात वर केले, तर वर्गातील मुलांचे हात हळूहळू खाली जातील. मला तीस वर्षांपूर्वीचा तो मागच्या रांगेतील हात अजून आठवतो. त्याचे उत्तर चुकले होते, परंतु त्याने शब्द जोडून अर्थ लावण्याचा स्वतः प्रयत्न केला होता. भाषा शिकणे यापासूनच सुरू होते. सोमवारी आपण वर्गात जाल, तेव्हा ‘पुट अप युअर हँड’ म्हणून पाहा, आणि जो हात सर्वांत उशिरा वर येईल, त्याच्याकडे प्रथम वळा.